किणीच्या बाई आणि वस्तादांची माती

माझ्या दवाखान्याच्या पहिल्या पाटीवर जो शब्द होता, तो मला स्वतःलाच धड उच्चारता येत नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईहून फिजिओथेरपी शिकून कोल्हापुरात आले. ज्या हाडांच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं, ते साहेब तरुणपणी काही काळ फ्रान्समध्ये राहून आलेले होते. "फिजिओथेरपिस्ट म्हणजे काय, हे इथं कोणाला कळणार?" असं म्हणून त्यांनी त्याहून न कळणारा शब्द काढला. किनेझितेराप्यूत! फ्रेंच लोक आमच्या धंद्यातल्या माणसाला असं म्हणतात. हालचालीनं बरं करणारा, असा त्याचा अर्थ. साहेबांनी तो शब्द रोमन लिपीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिला आणि डॉक्टरांचं हस्ताक्षर कसं असतं ते मी सांगायला नको.

पाटी रंगवली महंमदभाई पेंटरांनी. ट्रॉलीच्या फाळक्यावर वाघ काढावा तर त्यांनीच, पण त्यांच्याकडची फळी आखूड निघाली आणि शब्द होता मालगाडीएवढा. मग जी अक्षरं मावली ती त्यांनी घेतली, जी मावली नाहीत ती सोडली. एका अक्षराच्या डोक्यावर साहेबांनी दिलेली तिरकी रेघ भाईंना शाईचा डाग वाटला म्हणून तीही गाळली आणि भरपाई म्हणून शेवटी एक गुलाबाचं फूल काढून दिलं.

मी कुरकुर केली तेव्हा भाई शांतपणे म्हणाले, "अक्का, एवढं कुनी वाचतंय व्हय? मान्सं पयली चार अक्षरं वाचत्यात आन फुडं जात्यात."

भाईंचं म्हणणं खरं ठरलं. गल्लीनं के-आय-एन-ई ही पहिली चार अक्षरं वाचली आणि निकाल लावून टाकला की बाई किणीच्या आहेत. पुण्याच्या रस्त्यावर किणी नावाचं गाव आहे, तिथल्या. मी अस्सल कुरुंदवाडची, जैन शेतकऱ्याची मुलगी. जिवाच्या आकांतानं सांगून पाहिलं, पण पाटीपुढं माझं कोण ऐकतो? एकदा तर किणीचे एक गृहस्थ शेंगांचं गाठोडं घेऊन हजर झाले. आपल्या गावची लेक कोल्हापुरात दवाखाना घालून बसली आहे, म्हणून कौतुकानं आलेले. मी खुलासा केल्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कुरुंदवाडच्या असशीला. पर पाटी आमच्या गावाची लावलीया न्हवं? मग ठिवा शेंगा."

आमच्या धंद्यात दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. डॉक्टरकडे सुई असते, वैद्याकडे काढा असतो. माझ्याकडे होत्या वाळूच्या पिशव्या, कप्पीवरून सोडलेला एक दोर, गरम मेणाचं भांडं आणि भिंतीला बसवलेलं एक लोखंडी चाक. हाड जुळवायचं काम सर्जनचं. पण प्लॅस्टर कापल्यावर आतून जो हात निघतो तो काठीसारखा ताठ असतो. त्याचा पुन्हा हात करायचा, हे आमचं काम. आणि खरी गंमत अशी की ते आम्ही करतच नाही, पेशंटकडून करवून घेतो. भांडण सुरू व्हायचं ते इथंच.

गडहिंग्लजच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचा खांदा धरला होता. त्यांना मी त्या चाकापाशी उभं केलं आणि फिरवा म्हटलं. घामाघूम होईपर्यंत त्यांनी चाक फिरवलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्येच चाक हिरीवर फिरीवलं असतं तर उसाला पाणी तरी लागलं असतं. सुई न्हाई, गोळी न्हाई, वर मलाच कामाला लावताय!" तक्रार करत करतच ते बरे झाले आणि पुढं एसटीत भेटेल त्याला खांदा गोल फिरवून दाखवायचे. त्यांच्या शेजारी बसणं धोक्याचं झालं होतं, असं ऐकलं.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या एका माणसाची बोटं अशीच आखडली होती. रबरी चेंडू दाबायला दिला तर तो खिशात घालून गेला आणि तसाच परत घेऊन आला. मग मी त्याला सांगितलं, घरी रोज भाकरीचं पीठ मळायचं. ज्वारीचं पीठ तळहातानं रगडायला लागतं, बोटांना दुसरी कुठली कसरत लागत नाही. बिचारा दार लावून पीठ मळायचा. पुढं हात चांगला सुटला आणि मी आता पुरे म्हणणार, तेवढ्यात त्याची बायको एकटीच येऊन माझ्यासमोर बसली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "अक्का, एवढ्यात बरं झालं म्हनू नगासा. दिवाळीपत्तुर तरी चालू द्या की." मी दिवाळीपर्यंत चालू दिलं. वैद्यकशास्त्राला त्यात काही आक्षेप नव्हता.

पण लिहायचं आहे ते बंडा वस्तादांबद्दल.

आमच्या गल्लीत माझ्या दवाखान्यासमोर एक तालीम होती. खाली आखाडा, कोनाड्यात मारुती, आणि शेजारी एक खोली. त्या खोलीत तालमीचे वस्ताद राहायचे. साठी उलटलेले, लग्न न केलेले, मानेपासून टाचेपर्यंत एकसंध माणूस. त्यांच्या आवाजानं गल्लीतली कुत्रीसुद्धा रांगेत चालायची. शिवरात्रीनंतर एका सकाळी वस्ताद उठायला गेले आणि कोसळले. उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि पुढचं काम समोरच्या बाईंकडं जा, असं सांगितलं.

त्यांचा मोठा शागीर्द सर्जेराव पैलवान मला बोलवायला आला. दारात उभा राहिला तर माझ्या खोलीत अंधार झाला. "किणीच्या बाई तुमीच न्हवं?" मी हो म्हणून टाकलं. वाद घालायची ती वेळ नव्हती.

खोलीच्या दारात पाऊल टाकलं तर कॉटवरून आवाज आला. जीभ जड झाली होती, पण आवाजातली जरब तशीच होती. "ह्ये पावनं कोन?"

"वस्ताद, डाक्टरांनी धाडल्यात. हात-पाय चालू करायला," सर्जेराव म्हणाले.

"बाईमानूस?" वस्तादांनी डोळे मिटून घेतले. "आजवर बाईचा हात अंगाला लागू दिला न्हाई. आता मरताना लावून घेऊ व्हय?"

मी म्हटलं, "मी हात लावतच नाही. मी दारात उभी राहून सांगेन, सर्जेराव हात लावतील." यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले.

मग सर्जेरावांची शिकवणी सुरू झाली. मला वाटत होतं, पेशंट अवघड आहे. पेशंटपेक्षा मदतनीस अवघड निघाला. त्या माणसाला हळू हा शब्दच ठाऊक नव्हता. गुडघा दुमडा म्हटलं की ते कुस्तीत पट काढल्यासारखा पाय उचलायचे. "अहो सर्जेराव, वस्तादांचा पाय आहे, प्रतिस्पर्ध्याचा नाही," असं मी दारातून ओरडायची आणि रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. पण पैलवान माणूस, अंगाची समज जन्माची. थोड्याच दिवसांत त्यांना कुठला स्नायू झोपलाय आणि कुठला नुसतं सोंग करतोय, ते बोटांनी कळायला लागलं.

अडचण एकच होती. वस्ताद स्वतःहून काही करत नव्हते. दुसऱ्यानं हलवलेला हात दुसऱ्याचाच राहतो. माणसानं आपल्या मनानं हलवायचं म्हटल्याशिवाय लकवा हटत नाही, आणि वस्तादांनी मन मिटून घेतलं होतं.

का, ते सर्जेरावांनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं. एवढा धिप्पाड गडी, पण सांगताना डोळ्यांत पाणी. त्यांच्या तालमीचा एक रिवाज होता. श्रावणात आखाड्यात नवी माती पडायची. तांबडी माती चाळून तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळायची आणि तिच्यावर पहिलं पाऊल वस्तादांचं. ज्याचं पाऊल पहिलं, तो वर्षभर वस्ताद. त्याआधी कोणी लांग कसून आखाड्यात उतरायचं नाही.

"मग त्यांना उचलून नेऊन उभं करा," मी म्हटलं.

"तेच तर अक्का! त्येंनीच नियम घातलाय. आखाड्यात जो जाईल तो सोताच्या पायानं जाईल. उचलून फकस्त भाईर आनायचं. आता सोताच्याच नियमात घावल्यात. तालमीतली चार मान्सं म्हनाय लागल्यात, सावनात दुसऱ्याचं पाऊल घालूया. वस्तादांच्या कानावर गेलंय त्ये. तवापास्नं गडी भिताडाकडनं त्वांड फिरवंना."

म्हणजे श्रावणापर्यंत वस्ताद स्वतःच्या पायानं मातीत गेले तर वस्ताद, नाहीतर शेजारच्या खोलीत पडून राहिलेला एक म्हातारा. आमच्या शास्त्रात याला कुठलं नाव नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

लहानपणी जत्रेतल्या कुस्त्या मी वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, बैलगाडीत उभं राहून बघितल्या होत्या. बायका मैदानात जात नसत, पण गाडीतून बघायला कोणाची ना नव्हती. दोन पैलवान समोर आले की एक जण चिमूटभर माती उचलून दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. माती घेतली की कुस्ती कबूल. समोर धरलेली माती नाकारणारा पैलवान मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सर्जेरावांना म्हटलं, आखाड्यातली मूठभर माती आणा. ते कानकोंडे झाले. तालमीची माती बाईच्या हातात द्यायची म्हणजे काय! शेवटी मारुतीला नमस्कार करून, कागदात बांधून, बाँब आणावा तशी त्यांनी ती आणली.

मी पदर खोचला, वस्तादांच्या कॉटसमोर गेले आणि तळहातावर माती घेऊन हात पुढं केला. "वस्ताद, माती घ्या."

भिंतीकडचं तोंड वळलं. आधी त्यांनी माती बघितली, मग मला, मग सर्जेरावांना. सर्जेराव लगेच छताकडं बघायला लागले.

"बाईबरुबर कुस्ती?"

"भीती वाटते का?"

"आयाया," असं सर्जेराव पुटपुटले. वस्तादांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी डावा हात उचलला.

"डाव्या हातानं माती घेणाऱ्या पैलवानाला तुमच्या तालमीत काय म्हणतात?" मी विचारलं.

वस्तादांनी डावा हात खाली ठेवला. मग उजव्या खांद्यात काहीतरी हललं. पाण्याखाली मासा हलावा एवढंच. चेहरा लाल झाला, ओठ वाकडे झाले, आणि कोपर कॉटवरून चार बोटं पुढं सरकलं. आठवडे आम्ही ज्याची वाट बघत होतो ते झालं होतं. मला नाचावंसं वाटत होतं. पण मी काय केलं? माझा हात तेवढाच मागं घेतला.

"अजून जरा पुढं, वस्ताद."

त्यावर त्यांनी मला जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापता येणार नाही. तिच्यातला एकेक शब्द मात्र स्पष्ट होता. म्हणजे जीभही सुधारत होती.

मग रोज हेच. मी माती धरायची, ते हात पुढं आणायचे आणि पोचले की मी हात मागं घ्यायची. आधी पडल्यापडल्या, मग बसून, मग कॉटच्या काठाला धरून उभं राहून. "अजून जरा पुढं, वस्ताद." पाऊल टाकल्याशिवाय माती मिळायची नाही, म्हणून पाऊल टाकायचं. त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही. पण मी यायच्या वेळी ते दाढी करून, सदरा घालून बसायला लागले. सर्जेराव म्हणाले, "कुस्तीच्या दिवशी असंच बसायचं."

एकदा मातीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या पाटीवर काय लिवलंय वो?"

मी म्हटलं, "फ्रेंच शब्द आहे. हालचाल करवून बरं करणारा, असा अर्थ."

वस्तादांनी मिशीवरून डावा हात फिरवला. "आन एवढ्यासाठी परदेशातनं शबूद आनला? सरळ वस्ताद लिवायचं की."

मी मातीचा हात पुढं धरला.

हाताला ताकद यावी म्हणून मी त्यांना शड्डू ठोकायला सांगितलं. मांडीवर हात मारायचा, पैलवानानं आव्हान देताना मारतो तसा. पहिल्या दिवशी आवाज आला तो ओलं धोतर दगडावर पडावं तसा. गल्लीत पोरं हसली. पण पुढं पुढं गल्लीच कान लावून बसायला लागली. सकाळी पाणी भरताना बायका म्हणायच्या, "आज आवाज जरा बरा आला न्हाई का?" महंमदभाई पेंटर तर कामाला निघताना थांबून ऐकायचे आणि "बारा आन्याचा झाला" असं ठरवून मग सायकलवर बसायचे.

श्रावण आला. तालमीत नवी माती मळून झाली. तिचा हळदीचा, ताकाचा वास माझ्या दवाखान्यापर्यंत यायचा. शनिवारी सकाळी पाऊल घालायचं ठरलं. दुसऱ्याचं पाऊल घालायची भाषा करणारे चौघं हळदकुंकू घेऊन आधीच येऊन थांबले होते. वस्ताद काठी घेऊन खोलीतून निघाले. उजवा पाय अजून अर्धगोल फिरवून टाकत होते. मी बरोबर चालले होते, हात न लावता, पण पडले तर कुठून धरायचं याचा हिशोब करत. तालमीच्या उंबऱ्यापाशी मी थांबले. आत बाई जात नव्हती. वस्तादांनी काठी माझ्या हातात दिली आणि ते आत गेले.

मग मला काही दिसेना. समोर पैलवानांच्या पाठी. एवढ्या रुंद पाठी एका ठिकाणी मी कधी बघितल्या नव्हत्या, आणि त्यातल्या एकीलाही बाजूला व्हायचं सुचत नव्हतं. ज्या पावलासाठी मी एवढे महिने घसा फोडला ते पाऊल पडताना मला बघायला मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मी त्या काठीला घट्ट धरून उभी होते.

आणि आतून शड्डू वाजला. एकच, पण असा कडक की कोनाड्यातली घंटा हलली असावी. मागून महंमदभाई ओरडले, "सोळा आन्याचा!"

पाठी दुभंगल्या. वस्ताद बाहेर येत होते. पावलं तांबड्या मातीनं भरलेली, उजवी मूठ पुढं धरलेली. मुठीतून माती गळत होती, कारण अंगठा अजून पुरता मिटत नव्हता. आखाड्यापासून दारापर्यंत तांबडी रेघ ओढली गेली. उंबऱ्याच्या आत येऊन ते थांबले. मूठ उघडली. तळहातावर चिमूटभर उरली होती.

"घ्या," वस्ताद म्हणाले.

माझ्या तोंडून निघू नये ते निघालं. "वस्ताद, अंगठा मिटत नाही अजून. उद्यापासून..."

"माती देतोय, तर घे की बाई!"

मी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं केला. बोटं मातीला लागणार, तेवढ्यात वस्तादांनी आपला हात मागं घेतला. मला वाटलं, तोल गेला. वर बघितलं तर मिशीखाली हसू दाबलेलं.

"अजून जरा फुडं, अक्का."

मी वाकले. हात आणखी मागं गेला. मी उंबऱ्याकडे बघितलं, मग मारुतीकडे, मग सर्जेरावांकडे. सर्जेराव छताकडं बघत होते. त्या चौघांपैकी एकाचं तोंड उघडलं होतं, पण वस्तादांनी नुसती मान वळवल्यावर ते मिटलं.

मी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि माती घेतली.